राखण की शिकार? हरीण, कुत्रा आणि ‘हाकणे’ या शब्दाची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील येवला तालुक्याच्या उत्तर-पूर्व भागात, राजापूर-ममदापूरच्या माळावर, कुत्री सोडून हरणाची शिकार करावी की करू नये, हा प्रश्न आज कोणी विचारत नाही. कायद्याने त्याचा निकाल केव्हाच लावला आहे. विचारला जातो तो त्याच्या शेजारचा प्रश्न. कांद्याच्या रोपात शिरलेला काळविटांचा कळप शेतकऱ्याने कुत्रा सोडून बांधाबाहेर घालवला, तर ती राखण म्हणायची की शिकार? ऐकताना हा शब्दच्छल वाटतो. परंतु काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येते. या यादीतील प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासोबतचा दंडही किमान २५,००० रुपये झाला आहे. तेव्हा जनावर ‘हाकणे’ हा शब्द कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत कसा आला आणि पुढे कसा बदलला, हे पाहणे भाग आहे.

‘हरीण’ हा शब्दही सैल आहे. दरवर्षी गळणारी भरीव शिंगे असलेले चितळ, सांबर, भेकर हे सारंग. पोकळ आणि कायमची शिंगे असलेले काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. पीक नुकसानीच्या सरकारी कागदांत ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असे कंसात लिहून हा गोंधळ मिटवलेला दिसतो. येवल्याचे हरीण म्हणजे काळवीट, आणि परदेशातील वाद मात्र बहुतांशी सारंगांवरचे आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दख्खनमध्ये हरणामागे धावणारी सडपातळ, लांब तोंडाची कुत्री जुनीच आहेत. कारवान, पश्मी, मुधोळ या नावांनी ती आजही ओळखली जातात. ही कुत्री वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतात. तरीही कोरड्या माळावर धडधाकट काळवीट त्यांच्या हाती सहसा लागत नसे, कारण त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. संस्थानिकांनी त्यासाठी पाळीव चित्ते बाळगले, ते याच कारणाने. कुत्र्यांचे दिवस येत ते पावसाळ्यात: काळी माती भिजली की हरणाचे टोकदार खूर चिखलात रुततात आणि कुत्र्याचा पसरट पंजा वर राहतो. आजही झड लागून राहिली की काळविटांमागे लागलेल्या कुत्र्यांचे पारडे जड होते, त्यामागे हीच माती आहे. शिकार म्हटले की बोट पारधी समाजाकडे दाखवण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु फासेपारध्यांची विद्या नावाप्रमाणे फाशांची होती आणि कुत्र्या-चित्त्यांचा थाट दरबाराचा होता. गुन्हेगार जमातीचा शिक्का मात्र पहिल्यांवरच बसला.

१९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला परवान्याच्या चौकटीत आणले. १९९१ च्या दुरुस्तीने ती चौकटच काढून टाकली आणि हौसेची शिकार देशभर संपली. या टप्प्यापर्यंतचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. खरी गाठ त्यानंतर बसली आणि तिची चर्चा फारशी झाली नाही.

१९७२ च्या कायद्यातील शिकारीच्या मूळ व्याख्येत पकडणे, मारणे, विष घालणे, फासा लावणे, सापळा लावणे या कृती प्रथम येत होत्या आणि ‘हाकणे’ हे त्यानंतरच्या स्वतंत्र पोटकलमात, ‘यांपैकी एखाद्या हेतूसाठी हाकणे’ अशा मर्यादेसह होते. म्हणजे रान उठवून, हाकारे लावून जनावर बंदुकीपुढे आणणे, हा जो शिकाऱ्यांचा हाका, तोच कायद्याच्या नजरेसमोर होता. पिकातून जनावर घालवणारा शेतकरी त्यात सापडत नव्हता, कारण त्याला ते पकडायचेही नव्हते आणि मारायचेही नव्हते. २००२ मध्ये मंजूर होऊन १ एप्रिल २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही दोन्ही पोटकलमे नव्याने लिहिली. मारणे आणि विष घालणे एकीकडे गेले. पकडणे, कुत्री सोडून पाठलाग करणे, फासा, सापळा, हाकणे आणि आमिष दाखवणे हे सारे दुसरीकडे एका ओळीत आले. पाठलागाचा शब्द नव्याने आला, हे योग्यच झाले. कुत्र्यांच्या शिकारीतला सर्वांत क्रूर भाग पाठलागच असतो. परंतु त्याच झटक्यात ‘हाकणे’ या शब्दाची हेतूची मर्यादा गळून पडली, आणि हे मला पटत नाही. अक्षरशः वाचले तर आता कोणत्याही हेतूने वन्यप्राणी हाकणे म्हणजे शिकार. स्वसंरक्षणार्थ किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला कायद्यात सूट आहे. पीक वाचवण्यासाठी केलेल्या कृतीला आपोआप मिळणारी अशी सूट नाही. अनुसूची १ च्या बाहेरील प्राणी उभ्या पिकाला घातक ठरला तर त्याच्या शिकारीची परवानगी मागता येते आणि राज्यात २०१५ पासून रोही (नीलगाय) व रानडुकराबाबत तसे आदेशही निघाले. काळविटाला मात्र हे दार बंद आहे.

इंग्लंडने हाच पेच उलट बाजूने सोडवला. एक्समूरच्या पठारावर तांबड्या सारंगांच्या मागे कुत्र्यांचे कळप घालून, तासन्‌तास पळवून, दमून उभे राहिलेले जनावर गोळीने मारण्याची प्रथा होती. तिचे समर्थक सांगत की, माणूस एरवीही सारंगांची संख्या बंदुकीने कमी करतोच. कुत्री दडलेले आणि जखमी जनावर शोधतात, आणि शिकारीत रस असल्यामुळेच शेतकरी सारंगांचे पिकातले चरणे सोसतो. यांतला जखमी जनावराचा मुद्दा खोटा नाही. परंतु १९९७ मध्ये तेथील एका जीवशास्त्रज्ञाने पाठलागानंतर मारलेल्या सारंगांचे रक्त आणि स्नायू तपासले, तेव्हा स्नायूंतील साखरेचा साठा संपलेला, ताणाचे संप्रेरक चढलेले आणि स्नायूपेशी फुटू लागलेल्या आढळल्या. २००४ च्या कायद्याने पाठलाग बंद झाला, तरी पिकाचे गंभीर नुकसान टाळण्यासारख्या ठरावीक कारणांसाठी, जास्तीत जास्त २ कुत्र्यांनी जनावर आडोशातून उठवून तत्काळ गोळी घालण्याची वाट मोकळी राहिली. त्यांनी हेतू राखला आणि मारण्याला वाट दिली. आपण मारणे बंद केले आणि हेतू पुसला. अमेरिकेच्या अलाबामा, जॉर्जिया या दक्षिणेकडील राज्यांत ही शिकार अटींसह चालू आहे. तेथे भांडण मुख्यतः शेजाऱ्याच्या कुंपणाचे आहे, कारण कुत्र्याला सातबारा वाचता येत नाही.

स्नायूंचा तो निष्कर्ष येवल्याला परका नाही. काही वर्षांपूर्वी एका वस्तीवर गोणपाटावर निजवलेली काळविटाची मादी मी पाहिली. मागच्या पायावर दातांची एक लहानशी खूण होती आणि रक्त जवळजवळ नव्हते. तरी मान ताठलेली, श्वास भात्यासारखा चाललेला. पाणी पाजण्याची खटपट चालू असतानाच ती गेली. जमलेल्यांना वाटले, घाबरून मेली. अतिश्रमाने आणि भीतीने स्नायू मोडून पडण्याचा हा प्रकार कुरंगांत पशुवैद्यांच्या ओळखीचा आहे, आणि त्यामुळेच ‘कुत्र्याने नुसते पळवले, चावले कुठे?’ हा बचाव टिकत नाही. पाडस तर पळतही नाही, ते गवतात अंग चोरून पडून राहते. माणसाच्या नजरेला फसवणारी ही युक्ती कुत्र्याच्या नाकापुढे चालत नाही.

ममदापूरचे सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले, तरी काळवीट उन्हाळ्यात पाण्यासाठी आणि एरवी कोवळ्या मुगा-मक्यासाठी शिवारात उतरते. तेथे त्याची गाठ राखणीच्या कुत्र्यापेक्षा मोकाट कुत्र्यांशी अधिक पडते. त्या कुत्र्यांना २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागी सोडायचे असते. वस्तीतल्या माणसांच्या दृष्टीने हा नियम समजण्यासारखा आहे. हरणांच्या माळालगतच्या गावात मूळ जागा म्हणजे पुन्हा तोच माळ. मालक असलेला कुत्रा सुटला तर हाकण्याचे कलम दारात येते, बिनमालकाच्या टोळीने पाडले तर ती नोंद अपघाताची होते.

राजापूरच्या वाटेवरील एका शेतकऱ्याने यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात बाभळीचे हातभर लोढणे आहे. कुत्रा धावू लागला की ते पुढच्या पायांवर आपटते आणि तो थांबतो. त्याने भुंकायचे, एवढेच काम. कळपाला हे आता कळले आहे. शंभर पावलांवरून काळविटे मान वर करून त्याच्याकडे पाहतात आणि पुन्हा खाली तोंड घालतात. मग शेतकरी खाटेवरून उठतो, हातातले धोतराचे फडके फिरवतो आणि ओरडत बांधापर्यंत स्वतःच धावतो, म्हणजे व्याख्येतल्या शब्दाप्रमाणे हाकतो.