लिंगभाव आणि आंतरराष्ट्रीय राजकारण: एका गैरसमजाचा खुलासा

आंतरराष्ट्रीय राजकारणाचा लिंगभावाच्या (म्हणजे समाजाने घडवलेल्या स्त्रीत्व-पुरुषत्वाच्या कल्पनांच्या) अंगाने अभ्यास म्हणजे महिला नेत्यांची चरित्रे, ही समजूत बराच काळ प्रचलित असली तरी ती चुकीची आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सिंथिया एन्लो यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातून (बर्कली) पीएच.डी. मिळवली आणि त्यांचे आरंभीचे संशोधन मलेशियातील वांशिक राजकारणावर होते. पुढे क्लार्क विद्यापीठात अध्यापन करताना त्यांनी लष्करी तळांभोवतीचा वेश्याव्यवसाय, केळीच्या मळ्यांतील मजूर स्त्रिया, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या पत्नींचे बिनपगारी श्रम (हे उदाहरण मला विशेष बोलके वाटते) आणि परदेशांत राबणाऱ्या घरकामगार यांचा मागोवा घेऊन दाखवले की, परराष्ट्र धोरण आणि लष्कर या व्यवस्था पुरुषत्वाच्या व स्त्रीत्वाच्या ठरीव कल्पनांवरही उभ्या असतात. सैनिकाचे पुरुषत्व कसे घडवले जाते, हा प्रश्नही या अभ्यासात तितकाच मध्यवर्ती आहे.