नायजेरियाच्या ताटात गहू कसा शिरला

लागोसमध्ये सकाळी रस्त्याकडेला ‘एवा आगोयिन’ मिळतं. पार मऊ होईपर्यंत शिजवलेली चवळी आणि वर पाम तेलात काळपट होईस्तोवर परतलेल्या मिरच्या-कांद्याचा रस्सा. सोबत पावाचा जाडजूड, लिबलिबीत तुकडा. चवळी मूळची पश्चिम आफ्रिकेचीच, पाम तेलही तिथलंच. मिरची बाहेरची, पण शतकानुशतकं मुरलेली. पावाचा गहू मात्र अमेरिकेतून किंवा रशियातून जहाजाने आलेला असतो. गेल्या शंभर वर्षांत नायजेरियाच्या खाण्यात झालेला सगळ्यात मोठा बदल या एका ताटलीत दिसतो.

गहू तिथे अगदीच परका नव्हता. उत्तरेकडच्या हौसा भाषेत गव्हाला ‘अल्कामा’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आलेला, आणि त्यावरून सहारा ओलांडून आलेल्या व्यापाराचा माग लागतो. नदीकाठच्या ओलाव्याच्या जमिनीत, हरमाटनचं थंड कोरडं वारं सुटलं की थोडा गहू पेरला जायचा. कानो शहरात मातीच्या भट्टीत भाजलेली ‘गुरासा’ ही रोटी आजही मिळते. पण रोजचं जेवण ज्वारी-बाजरीच्या ‘तुवो’चं, म्हणजे घट्ट उकडीसारख्या गोळ्याचं. (आपली ज्वारीही मूळ आफ्रिकेतलीच, तेव्हा तुवो आणि भाकरी यांचं धान्य एकच.) दक्षिणेत तर याम आणि कसावा हे कंद. तिथल्या दमट उष्ण हवेत गहू येतच नाही.

दक्षिणेत पाव आला तो वसाहतीच्या काळात, बंदर आणि रेल्वेच्या मागोमाग. या कथेतलं महत्त्वाचं नाव एमॉस शॅकलफर्ड यांचं. जमैकात जन्मलेले हे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीसाठी नायजेरियात आले आणि १९२०च्या दशकात त्यांनी लागोसमध्ये बेकरी काढली. पुढे लोक त्यांना ‘पावाचा राजा’ म्हणू लागले. ‘ब्रेक’ हे यंत्र लागोसच्या बेकऱ्यांत आणण्याचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. रसवंतीच्या चरकासारखे दोन रूळ, त्यांच्यामधून कणीक पुन्हा पुन्हा दाबून काढायची. त्यातून होणारा पाव घट्ट, चिवट आणि किंचित गोड. लागोसजवळच्या, रेल्वेमार्गावरच्या आगेगे गावावरून तो ‘आगेगे ब्रेड’ झाला. इंग्रजांचा म्हणून आलेला पाव अशा रीतीने पुरता नायजेरियन होऊन बसला.

तरीही १९६० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा गव्हाची आयात किरकोळ होती. त्याच सुमारास फ्लोअर मिल्स ऑफ नायजेरिया ही कंपनी स्थापन झाली आणि १९६२मध्ये लागोसच्या आपापा बंदरात तिची गिरणी सुरू झाली. गिरणी बंदरातच, म्हणजे गहू कुठून येणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मग १९७३-७४मध्ये खनिज तेलाच्या किमती चौपट झाल्या. सरकारी नोकरांचे पगार उदोजी या वेतन आयोगानंतर भरमसाट वाढले, लोक शहरांकडे लोटले, आणि नायरा या तिथल्या चलनाचा भाव इतका चढा होता की परदेशी गहू देशी धान्याच्या तुलनेत स्वस्त पडू लागला. याम सोलायचा, उकडायचा, उखळात कांडायचा. पाव नुसता विकत घ्यायचा. सकाळी सहाला घर सोडणाऱ्या माणसाची निवड उघड होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयात पंधरा लाख टनांच्या घरात गेली.

तेलाच्याच पैशातून सरकारने गहू पिकवायचाही घाट घातला. चाड सरोवराच्या दक्षिणेला ६७,००० हेक्टर भिजवण्याची योजना होती. पंप बसले, कालवे खणले गेले. आणि सरोवरच मागे सरलं. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळांत पाणी पंपांपासून दूर गेलं आणि कालवे कोरडे पडले.

१९८६मध्ये तेलाचे भाव कोसळले. जनरल बाबांगिदा यांच्या लष्करी सरकारने १ जानेवारी १९८७पासून गव्हाच्या आयातीवर थेट बंदी घातली. पाव महागला, शेजारच्या देशांतून चोरट्या वाटेने पीठ येऊ लागलं. उत्तरेत गव्हाचा पेरा वाढला खरा, पण तो बंदीने फुगलेल्या भावाच्या जोरावर. १९९२च्या अखेरीस बंदी उठली आणि आयातीपुढे तो तग धरू शकला नाही.

याच काळात बिअरसाठी लागणाऱ्या बार्लीच्या माल्टच्या आयातीवरही बंदी आली होती. तिथे मात्र बिअरच्या कारखान्यांनी देशी ज्वारी वापरायला सुरुवात केली आणि बंदी उठल्यावरही ती सोडली नाही. मग पावाचंच का जमलं नाही? माझ्या मते उत्तर धोरणात नाही, कणकेत आहे. कणकेला चिवटपणा देणारं ग्लूटेन ज्वारीत नसतं. तिची भाकरी थापता येते, पाव फुगत नाही. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

कसाव्याचंही तेच झालं. कसावा पिकवण्यात नायजेरिया जगात पहिला, म्हणून अध्यक्ष ओबासांजो यांच्या काळात पिठात १० टक्के कसावा मिसळण्याचा आदेश निघाला. पुढे कृषिमंत्री अकिनवुमी आदेसिना यांनी कसावा ब्रेडचा जोरदार प्रचार केला, आणि २०१२मध्ये आयात गहू व पिठावर जादा कर बसला. गिरणीवाले आणि बेकरीवाले दोघेही फारसे बधले नाहीत.

दरम्यान गहू पावाच्या पलीकडे गेला होता. तोलाराम या सिंधी कुटुंबाच्या उद्योगसमूहाने १९८८मध्ये इंडोमी नूडल्स आणले आणि १९९५पासून ते नायजेरियातच बनू लागले. आज कुठल्याही कंपनीच्या नूडल्सना लोक ‘इंडोमी’च म्हणतात. चहाच्या टपरीवर, ‘माय शाय’कडे, अंडं फोडून केलेलं इंडोमी हे विद्यार्थ्याचं रात्रीचं जेवण. घरोघरी यामच्या गोळ्याची जागा अनेकदा गव्हाच्या रव्याचं ‘सेमो’ घेतं: गरम पाण्यात घोटा, पाच-दहा मिनिटांत तयार, भाजीच्या रश्शात बुडवून न चावता गिळा. गेल्या काही वर्षांत आयात साठ लाख टनांच्या आसपास पोहोचली, ती या सगळ्यासकट.

२०२२मध्ये युक्रेन युद्धाने गहू महागला. जून २०२३मध्ये नायराचा दर मोकळा सोडला गेल्यावर पाव आणखी महागला. जुलै २०२४मध्ये सरकारने महागाई आवरण्यासाठी काही धान्यांच्या आयातीवरचा कर १५० दिवसांसाठी माफ केला. त्या यादीत गहू होता, आणि त्याच्याच शेजारी चवळीही होती.