वैज्ञानिक संशोधकांचा गौरव

एखाद्या संशोधकाने ज्ञानात किंवा तंत्रात नेमकी कोणती भर घातली हे तपासून, शब्दांत मांडून जाहीरपणे मान्य करण्याच्या रीतीला वैज्ञानिक गौरव म्हणतात. पदके आणि पुरस्कार हा तिचा ठळक भाग. विज्ञान अकादमीची फेलोशिप (निवडून दिले जाणारे मानाचे सदस्यत्व), ताऱ्याला किंवा जीवजातीला दिलेले नाव, स्मृतिव्याख्यान, गौरवग्रंथ, कोशातील चरित्रनोंद आणि शोधनिबंधाच्या लेखकयादीतील जागा हीसुद्धा गौरवाचीच रूपे आहेत. काम झाले म्हणून गौरव आपोआप मागून येत नाही. कुणीतरी दुसऱ्याचे काम वाचावे लागते, पुरावे जमवावे लागतात आणि मुदतीत कागद दाखल करावे लागतात. हे करणारे माणूस जिथे नसते तिथले उत्तम कामही यादीबाहेर राहते.

ठाणे–नवी मुंबई परिसरात ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते, कारण इथे फार वेगवेगळ्या प्रकारचे संशोधन शेजारीशेजारी चालते. खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन केंद्र ‘ॲक्ट्रेक’ आहे, नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, वाशीत किरणोत्सारी समस्थानिके पुरवणारी ‘ब्रिट’ ही संस्था आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात औषधे व रसायने बनवणाऱ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळा आहेत, आणि ठाण्यातील महाविद्यालयांमध्ये खाडीतील जीवसृष्टीचा अभ्यास करणारे प्राध्यापक आहेत. एकाच इमारतीत राहणारे पेशीजीवशास्त्रज्ञ, अणुअभियंता आणि प्रक्रिया-रसायनज्ञ यांची कामगिरी एकाच प्रकारच्या कागदावर कधीच सापडणार नाही.

मोजपट्ट्या आणि त्यांच्या मर्यादा

जीवशास्त्राच्या निबंधात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळा-प्रमुखाचे असते. गणितात नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावतात, त्यामुळे पहिल्या नावाला वेगळा अर्थ नसतो. कणभौतिकीत यादीच इतकी लांब असते की क्रम निरर्थक ठरतो: हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरील २०१५च्या संयुक्त निबंधाला ५,१५४ लेखक होते. कंपनीतील रसायनज्ञाचे काम पेटंटात किंवा गोपनीय प्रक्रियेत राहते. अणुअभियंत्याचे काम अंतर्गत तांत्रिक अहवालांत जाते. अणुऊर्जा विभागाच्या पुरस्कारांत सांघिक कामगिरीसाठी स्वतंत्र वर्ग आहे, तो म्हणूनच महत्त्वाचा. पिकांचे उत्परिवर्तित (जनुकांत बदल घडवून मिळवलेले) वाण तयार करणाऱ्याचा खरा पुरावा म्हणजे त्या वाणाची शासकीय अधिसूचना आणि त्याची शेतातली लागवड.

या सर्वांना एका आकड्यात बसवण्याचा मोह मोठा असतो. त्यातला सर्वांत वापरला जाणारा आकडा म्हणजे ‘एच-निर्देशांक’. तो जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये सुचवला. ज्याच्या १२ निबंधांना प्रत्येकी किमान १२ संदर्भ (म्हणजे इतर निबंधांत झालेले उल्लेख) मिळाले आहेत, पण १३ निबंधांना प्रत्येकी १३ मिळालेले नाहीत, त्याचा निर्देशांक १२. तो वयानुसार वाढतो आणि कधी उतरत नाही. मोठ्या विषयात तो लवकर वाढतो, लहान विषयात अडकून राहतो. निबंधात त्या व्यक्तीची भूमिका काय होती हे तो सांगत नाही. म्हणून गणितज्ञाचा ९ आणि कर्करोग संशोधकाचा ४० हे आकडे शेजारी ठेवून निवड करणारी समिती दोघांवरही अन्याय करते.

नियतकालिकाचा ‘प्रभावांक’ तर व्यक्तीसाठी मुळीच नाही. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षी मिळालेल्या संदर्भांची ती सरासरी असते आणि ही सरासरी थोड्या लेखांमुळे फुगते. बाकीच्या बहुतेक लेखांना तिच्यापेक्षा कमी संदर्भ मिळालेले असतात. नेमणुका, बढत्या आणि निधी यांसाठी प्रभावांक वापरू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१३मध्येच मांडले. तरीही अर्जांच्या नमुन्यांत ‘एकूण प्रभावांक’ नावाचा रकाना आजही आढळतो. असे आकडे बेरीज करण्यासाठी नसतातच.

नोंदी ठेवण्याच्या कामाची किंमत कोणत्याही निर्देशांकात उमटत नाही, आणि भूचुंबकत्व संस्थेचा वारसा याचे उत्तम उदाहरण आहे. संस्थेची मुळे १८२६मध्ये सुरू झालेल्या कुलाबा वेधशाळेत आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मापन बिघडणार म्हणून चुंबकीय मापनासाठी १९०४मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. नव्या नोंदी जुन्यांशी जुळाव्यात म्हणून १९०६पर्यंत दोन्हीकडे समांतर मापन झाले. हा बदल वेधशाळेचे प्रमुख नानाभॉय मूस यांनी सांभाळला. १–२ सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौरवादळाच्या वेळी कुलाब्यात हाताने घेतलेल्या नोंदींत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरलेला दिसतो. २००३मध्ये या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्या वादळाच्या तीव्रतेचा मोठा आधार जगाला मिळाला. वाचन घेणारे निरीक्षक तोवर केव्हाच काळाआड गेले होते. कोणत्याही लेखकयादीत त्यांना जागा नव्हती. दीर्घकाळ उपकरण सांभाळणाऱ्यांचा गौरव त्यांच्या हयातीत करायचा तर प्रस्तावात निबंधांच्या जागी नोंदींची सलगता, अंशशोधनाच्या (उपकरणाची अचूकता प्रमाणाशी ताडून पाहण्याच्या) तारखा आणि त्या नोंदी वापरणाऱ्या इतरांच्या कामाची यादी द्यावी लागते.

राष्ट्रीय पातळी

भारतात विज्ञान अकादमींच्या फेलोशिपसाठी विद्यमान फेलोंनी नाव सुचवावे लागते, त्यामुळे ज्या संस्थेत फेलो नाहीत तिथल्यांची वाट अरुंद होते. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८पासून दिला जात होता. वयोमर्यादा ४५, विषय सात. २०२३मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांची नवी रचना आली. तिच्यात आजीवन कार्यासाठी विज्ञान रत्न, विशेष योगदानासाठी विज्ञान श्री, ४५ वर्षांपर्यंतच्यांसाठी विज्ञान युवा–शांतिस्वरूप भटनागर आणि तीन किंवा अधिक जणांच्या गटासाठी विज्ञान टीम असे चार वर्ग आहेत. पहिले ३३ पुरस्कार २२ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात दिले गेले. विज्ञान रत्न जीवरसायनशास्त्रज्ञ गोविंदराजन पद्मनाभन यांना, तर सांघिक पुरस्कार चांद्रयान-३च्या चमूला मिळाला.

सांघिक वर्गाची गरज खरीच होती. टाटा स्मारक केंद्र, आयआयटी मुंबई आणि तिथून निघालेली ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी यांच्या सहकार्याने विकसित झालेल्या रक्तकर्करोगावरील ‘नेक्सकार१९’ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. अशा कामात जनुक-अभियांत्रिकी, रुग्णांवरील चाचण्या, पेशी-उत्पादनाची शुद्धता आणि शुश्रूषा हे सगळे लागते. त्यातून एकच चेहरा निवडणे कामाच्या स्वरूपालाच धरून नाही.

पद्म पुरस्कारांबद्दल एक गोष्ट अनेक शासकीय संशोधकांना ठाऊक नसते. सेवेतील शासकीय कर्मचारी सामान्यतः अपात्र असले तरी डॉक्टर आणि वैज्ञानिक यांना ती अट लागू नाही. नाव कोणीही सुचवू शकतो, स्वतःचेही. कार्याचे वर्णन ८०० शब्दांपर्यंत. मुदत मात्र दरवर्षी नव्याने पाहावी: २०२५च्या पुरस्कारांसाठी ती १ मे ते १५ सप्टेंबर २०२४ होती, तर २०२६च्या पुरस्कारांसाठी ती १५ मार्च २०२५लाच सुरू झाली. गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबणाऱ्याची संधी अशीच हुकते.

प्रस्ताव कसा तयार होतो

चांगला प्रस्ताव एका वाक्यापासून सुरू होतो: या कामाआधी काय माहीत नव्हते किंवा करता येत नव्हते, आणि आता काय येते. हे वाक्य विषयाबाहेरच्या सदस्याला समजले पाहिजे. ‘अतुलनीय योगदान’, ‘बहुमोल कार्य’ असले शब्द काढून टाकल्यावर उरते तेवढाच प्रस्ताव. त्यानंतर १०० ते १५० शब्दांत कामाची पद्धत आणि परिणाम लिहावा.

पुढे पाच ते दहा निवडक कामे. संपूर्ण यादी परिशिष्टात जाते. परीक्षक ती क्वचितच वाचतो. प्रत्येक निवडक कामाखाली दोन ओळींत त्या व्यक्तीची भूमिका हवी: कल्पना कोणाची, उपकरण कोणी बांधले, विश्लेषण कोणी केले, निधी कोणी आणला. योगदान नोंदवण्यासाठी अनेक नियतकालिके १४ ठरावीक भूमिकांची पद्धत वापरतात. तीच इथे सोयीची पडते. पेटंट असेल तर अर्ज क्रमांक आणि मंजुरी क्रमांक वेगळे लिहावेत. अर्ज प्रसिद्ध झाला याचा अर्थ पेटंट मिळाले असा होत नाही, आणि ही गल्लत उघड झाली की बाकीच्या खऱ्या दाव्यांवरचाही विश्वास उडतो. पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. नूतनीकरण शुल्क भरले न गेल्याने ते आधीच बाद झालेले नाही ना, हेही पाहावे.

नावांचा घोळ मराठी संशोधकांच्या बाबतीत फार होतो. एकाच व्यक्तीचे नाव कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासह, कुठे लग्नानंतरच्या आडनावाने छापलेले असते. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ या नावाखाली संदर्भसंचात (निबंध आणि त्यांचे संदर्भ नोंदवणाऱ्या माहितीसाठ्यात) अनेक माणसे एकत्र मिसळतात. त्यामुळे एकीचे निबंध दुसरीच्या खात्यावर जातात किंवा एकीची कारकीर्द दोन अर्ध्या माणसांत वाटली जाते. १६ अंकी ‘ऑर्किड’ ओळखक्रमांक काढून त्याला जुन्या आणि नव्या नावाचे सर्व निबंध जोडणे हा यावरचा साधा उपाय. हे काम प्रस्तावाच्या आदल्या आठवड्यात होत नाही. संदर्भसंचातील दुरुस्त्यांना वेळ लागतो.

शिफारसपत्रे तीन पुरतात. त्यांतली किमान दोन अशा व्यक्तींची असावीत ज्यांनी त्या संशोधकाबरोबर निबंध लिहिलेला नाही, ज्यांनी त्याला शिकवलेले नाही आणि जे त्याच्या संस्थेत नाहीत. पत्र मागताना निवडक कामांची यादी आणि ते एक वाक्य सोबत पाठवावे, आणि सहा आठवडे आधी मागावे. तिन्ही पत्रांत सारख्याच ओळी आल्या की परीक्षक ओळखतो की मसुदा एकाच हाताचा आहे.

दाखल करण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. यादीतील एखादा निबंध मागे घेतला गेला आहे का? आणि आधी मिळालेल्या ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारां’पैकी एखादा नोंदणी शुल्क भरून मिळणारा आहे का? अशा विकत मिळणाऱ्या पुरस्कारांची खूण सोपी असते: निवड समितीची नावे नाहीत, मागच्या विजेत्यांच्या कामाची माहिती नाही, ‘आपली निवड झाली आहे’ असे पत्र आधी येते आणि शुल्काची मागणी मागून. असा एक पुरस्कारही संपूर्ण प्रस्तावाला डाग लावतो. तो वगळावा.

स्थानिक सत्कार

ठाणे आणि नवी मुंबईत गृहसंकुले, ज्ञातिसंस्था, महाविद्यालये, माजी विद्यार्थी संघ आणि नागरी संस्था संशोधकांचे सत्कार करतात, विशेषतः २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास. शाल, श्रीफळ आणि मानपत्र ही रीत सर्वांच्या ओळखीची. त्यात टिकाऊ वस्तू एकच: मानपत्र. ते १५० ते २०० शब्दांचे असावे, म्हणजे वाचायला दोन मिनिटे लागतात. त्यात पदव्यांची माळ कमी आणि कामाचे वर्णन जास्त हवे. मसुदा सत्कारमूर्तींना आधी दाखवावा. रेडिओलॉजिस्टला किरणोत्सार-भौतिकशास्त्रज्ञ म्हणणे, पीएच.डी.धारकाला वैद्य समजणे, संस्थेचे नाव चुकीचे छापणे या चुका व्यासपीठावर ऐकू येतात आणि मग कायमच्या छापील राहतात.

स्थानिक समिती पाच जणांची पुरते: दोघे संबंधित विषयाचे, एक वेगळ्या विज्ञानशाखेचा, एक विज्ञान शिक्षक आणि एक शहराबाहेरचा. उमेदवाराचा नातलग, मार्गदर्शक, विद्यार्थी किंवा मागच्या पाच वर्षांतला सहलेखक असलेल्या सदस्याने त्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करावी. निवडीची कारणे चार ओळींत लिहून ठेवली की पुढच्या वर्षीची समिती तेच निकष लावू शकते. प्रयोगशाळा सहायक, काचकाम करणारे, वाद्ये दुरुस्त करावीत तशी निगुतीने उपकरणे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आणि प्राणिगृह सांभाळणारे कर्मचारी यांच्यासाठी एक स्वतंत्र सन्मान ठेवावा. निबंधाच्या शेवटच्या आभारांपलीकडे त्यांची दखल कुठेच घेतली जात नाही.

राहून गेलेली नावे

शंभुनाथ डे यांनी कोलकात्यात काम करून पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जिवाणूचे विष दाखवून दिले. तो निबंध १९५९चा. देशातला कोणताही मोठा सन्मान त्यांना हयातीत मिळाला नाही. १९७८मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, तेही परदेशातून. भौतिकशास्त्रज्ञ विभा चौधुरी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पहिल्या महिला संशोधक. त्यांच्या नावाने एका ताऱ्याची ओळख झाली ती २०१९मध्ये, निधनानंतर २८ वर्षांनी.

कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांना १९८२मध्ये पद्मभूषण मिळाले, पण त्यांनी उभे केलेले आणखी एक काम नवी मुंबईत आहे. १९७३मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. संघाचे मुख्यालय वाशीत असून तिथे नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर चालते. गौरवाच्या चर्चेत पाळणाघराचा उल्लेख विचित्र वाटू नये. वयोमर्यादा जन्मतारखेपासून मोजली की बाळंतपणाची आणि संगोपनाची वर्षे स्त्रियांच्या खात्यातून वजा होतात. युरोपीय संशोधन परिषद आईला प्रत्येक अपत्यामागे पात्रतेच्या मुदतीत १८ महिन्यांची वाढ देते. स्थानिक पुरस्कारांच्या नियमावलीत अशी एक ओळ घालायला खर्च येत नाही.

नोबेलसह बरेच पुरस्कार मरणोत्तर दिले जात नाहीत. म्हणून निवृत्त संशोधकांच्या प्रयोगवह्या, छायाचित्रांमागची नावे, उपकरणांचे आराखडे आणि ध्वनिमुद्रित मुलाखती ते हयात असतानाच गोळा कराव्या लागतात. मुलाखतीत पुरस्कारांऐवजी फसलेले प्रयोग, सहकाऱ्यांची नावे आणि निर्णयांची कारणे विचारावीत. वह्यांची प्रत महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या ग्रंथालयात दाखल करून तिला नोंदणी क्रमांक घ्यावा.