बाळंतपणाची तारीख: पहिल्या सोनोग्राफीची की शेवटच्या?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस, म्हणजे नऊ महिने सात दिवस, हे गणित एकोणिसाव्या शतकात एका जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नियमाने रूढ झालं. आपल्याकडच्या ‘नऊ महिने नऊ दिवसां’शी ते जवळपास जुळतंच. पण पाळी 28 दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवशी सुटणार, हे त्यात गृहीत आहे. शिवाय पाळीची तारीख लक्षात असावी लागते. माण-खटावकडे ‘बेंदराच्या आधी आठ दिवस’, ‘पुसेगावच्या यात्रेत’ असं सांगितलं जायचं आणि नर्सबाई त्यावरून तारीख काढायच्या.

1958 मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी पोटातल्या बाळाची अल्ट्रासाऊंड चित्रं प्रसिद्ध केली. 1973 मध्ये तिथेच बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढण्याची पद्धत मांडली गेली. पहिल्या तीन महिन्यांत या मापात पाच ते सात दिवसांचीच चूक संभवते, कारण तोवर सगळी बाळं साधारण एकाच वेगाने वाढतात.

घोळ पुढे होतो. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी खटावहून मिरजेला येते, नवे डॉक्टर, नवी सोनोग्राफी, आणि रिपोर्टवर नवी तारीख. घरचे म्हणतात, ‘तारीख पुढं गेली.’ ती गेलेली नसते. मशीन बाळाच्या आकारावरून तारीख छापतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत त्या अंदाजात तीन आठवड्यांहून जास्त फरक पडू शकतो. आईचा बीपी वाढलेला असेल, बाळाला पोषण पुरवणारी वार (प्लासेंटा) नीट काम करत नसेल, तर बाळ लहान राहतं. अशा वेळी तारीख पुढे ढकलली की बाळाची खुंटलेली वाढ कागदावर नॉर्मल दिसू लागते. म्हणून पहिल्या तिमाहीत ठरलेली तारीख नंतर बदलायची नाही, हाच नियम योग्य आहे. नऊ आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीत पाच दिवसांहून जास्त, आणि त्यानंतर चौदा आठवडे पुरे होईपर्यंत सात दिवसांहून जास्त फरक आला, तरच पाळीची तारीख सोडून सोनोग्राफीची धरतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पहिली फाईल गावीच राहिली, तर हा आधारच हातातून जातो. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितीत गर्भपाताची मुदत 20 वरून 24 आठवड्यांवर नेली, त्यामुळे आठवड्याभराच्या फरकालाही आता कायद्याचं वजन आहे. पहिला रिपोर्ट माहेरी जाताना पिशवीत असायलाच हवा.