मॉप, फडकी आणि डस्टर धुण्याची आमची नवी सेवा

फरशी रोज पुसली जाते, पण तो मॉप धुतला कसा जातो? बहुतेक ठिकाणी शेवटच्या बादलीत खळबळून कोपऱ्यात उभा केला जातो. ओल्या दोऱ्यांमध्ये रात्रभर जंतू वाढतात आणि सकाळी तोच मॉप पुन्हा सगळीकडे फिरतो. फरशी वाळल्यावर उमटणारे पांढुरके फराटेही अनेकदा दोऱ्यांत अडकून राहिलेल्या साबणाचेच असतात. म्हणून आता तुमचे वापरलेले मॉप, फडकी आणि डस्टर आम्ही घेऊन जाऊ आणि धुऊन, पूर्ण वाळवून परत आणून देऊ.

हे काम कपडे धुण्यापेक्षा वेगळं आहे. आधी केस, वाळू, कचरा झटकून काढावा लागतो, नाहीतर तो धुताना पुन्हा दोऱ्यांत गुंततो. मग सुती आणि मायक्रोफायबर (अतिशय बारीक कृत्रिम तंतूंचं कापड) वेगळं करतो. मायक्रोफायबरचे बारीक तंतू धूळ धरतात, तसेच सुती कापडाचे सुटे धागेही धरतात. एकत्र धुतलं तर काच पुसताना तेच धागे काचेवर उतरतात. कपडे मऊ करणारं सॉफ्टनर आम्ही अजिबात वापरत नाही, कारण त्याचा थर बसला की फडकं पाणी शोषत नाही. क्लोरीनचं ब्लीच आणि कडक उष्णता यांनी मायक्रोफायबरचे तंतू खराब होतात, म्हणून ते मंद आचेवरच वाळवतो. सुती माल मात्र गरम पाण्यात जातो: 71 अंश सेल्सिअस, किमान 3 मिनिटं.

तुमच्याकडून थोडी मदत हवी. संडास-बाथरूमची फडकी वेगळ्या पिशवीत द्या. आम्हीही ती शेवटपर्यंत वेगळीच धुतो. ब्लीच आणि ॲसिडचा टॉयलेट क्लीनर लागलेली फडकी एकत्र कोंबू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. साध्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून ठेवलीत तर उत्तम. ओली पिशवी बांधून दिवसेंदिवस ठेवू नका. बुरशीचे काळे डाग एकदा बसले की सहसा निघत नाहीत.

जवसाचं तेल किंवा लाकडाचं तेलकट पॉलिश लागलेल्या चिंध्या आम्ही घेत नाही. हे तेल सुकताना स्वतःच तापतं आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. धुतल्यावरही थोडं तेल राहतं, त्यामुळे ड्रायरमध्ये धोका कायम असतो. अशा चिंध्या पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर ठेवा.

झिजलेले मॉप आणि विरलेली फडकी आम्ही वेगळ्या गठ्ठ्यात परत देऊ. टाकायची की हलक्या कामाला वापरायची, ते तुम्ही ठरवा.