शीतपित्त
त्वचेवर एकाएकी उठणाऱ्या, लालसर, फुगीर व खाजऱ्या चकंदळांचा विकार. बोलीत ‘अंगावर पित्त उठणे’, डॉक्टरांच्या भाषेत अर्टिकेरिया. एकेका उठावाला ‘गांधी’ म्हणतात.

आयुर्वेदाच्या चरकसंहितेत अशा विकारांची उदर्द व कोठ ही नावे येतात; उदर्द शमवणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात खैर, अर्जुन, बोर आहेत. शीतपित्ताचे निदान या दोहोंसह माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात मिळते. त्या ग्रंथाचा काळ सामान्यतः सातवे-आठवे शतक मानतात. थंड वाऱ्याच्या स्पर्शाने कफ व वात बिघडून पित्ताशी मिळतात आणि आत-बाहेर पसरतात, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे नावातले ‘शीत’ हे कारण, लक्षण नव्हे. याच विकाराला काही उदर्द म्हणतात तर काही शीतपित्त, असे सांगून लगेच वाताधिक ते शीतपित्त व कफाधिक तो उदर्द असा भेदही केला आहे. दोन प्रचलित नावांना जागा करून देण्यासाठी हा भेद आला असावा.

माधवनिदानात सूज कशी, तर ‘वरटीदष्टसंस्थान’, म्हणजे गांधीलमाशी चावल्यासारखी. मराठीत गांधी आणि गांधीलमाशी हे शब्द जवळचे आहेत. माशीवरून उठावाला नाव मिळाले की उठावावरून माशीला, हा प्रश्न उरतो. दुसरा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. (आडनावाचा येथे संबंध नाही.) अर्टिकेरिया हा शब्द मात्र अंगाला लागताच आग करणाऱ्या वनस्पतीच्या लॅटिन नावावरून आला, स्कॉटिश वैद्य विल्यम कलेन यांनी तो १७६९ मध्ये रूढ केला.

मराठी बोलीने ‘शीत’ गाळले आणि नुसत्या ‘पित्ता’वर दोन कामे टाकली. ठाण्यात औषधाच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटले, तर ‘पोटातल्या की अंगावरच्या?’ असे विचारावेच लागते. घरगुती उपाय दोन्हीकडे एकच, आमसूल: भिजवून ते पाणी अंगाला चोळतात, उरलेले पितात.

त्वचेतील मास्ट नावाच्या पेशींतून हिस्टामिन हे रसायन सुटते, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि गांधी फुगते. एक गांधी बहुधा २४ तासांत डाग न ठेवता मावळते, तोवर दुसरीकडे नवी उठते. घामोळे असे जागा बदलत नाही. विकार ६ आठवड्यांहून अधिक चालला तर तो जुनाट समजतात. ओठ वा जीभ सुजली, श्वास अडू लागला, तर आमसुलावर न थांबता तातडीने रुग्णालय गाठावे लागते.