बोस्निया वेगळं, कोसोवो वेगळं

स्रेब्रेनिकाचं हत्याकांड कोसोवोत झालं असं लिहिलेलं खूपदा दिसतं, आणि सांगायला गेलं की 'दोन्हीकडे सर्ब विरुद्ध मुस्लिमच ना' असं उत्तर येतं. तसं नाहीये.

स्रेब्रेनिका बोस्नियात. तिथलं युद्ध १९९२ ते ९५, आणि जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्याने तिथे ८ हजारांहून जास्त बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि पोरं मारली. पण बोस्नियाक, सर्ब, क्रोएट हे तिघंही स्लाव्ह, बोली जवळपास एकच, वेगळा तो धर्म.

कोसोवोत उलट. तिथे सर्ब विरुद्ध अल्बेनियन, आणि अल्बेनियन भाषा स्लाव्हिक नाहीच, शिकल्याशिवाय सर्बाला ती कळत नाही. आणि बहुतेक अल्बेनियन मुस्लिम असले तरी कॅथलिकही आहेत, आपल्या मदर तेरेसा त्यातल्याच, १९१० साली स्कोपियेत जन्मलेल्या. म्हणजे धर्म आहेच, पण खरं भांडण ही जमीन कोणाची याचं: सर्बांसाठी १३८९ची कोसोवोत ऑटोमन तुर्कांशी झालेली लढाई आणि तिथले जुने मठ म्हणजे काळजाचा तुकडा, आणि अल्बेनियन म्हणतात आम्ही इथलेच, आणि संख्येनेही कितीतरी जास्त.

अजून एक, बोस्निया युगोस्लावियातलं रिपब्लिक होतं, कोसोवो मात्र सर्बियातला स्वायत्त प्रांत, आणि ती स्वायत्तता सर्बियाचा नेता मिलोशेविचने १९८९ मध्ये काढून घेतली. मग अल्बेनियन पोरांच्या शाळा लोकांच्या घरात भरायला लागल्या, त्यांचे नेते इब्राहिम रुगोवा वर्षानुवर्षं हिंसा नको म्हणत राहिले, आणि १९९५ ला डेटन करारात बोस्नियाचं युद्ध थांबलं पण कोसोवोचा प्रश्न तसाच राहिला. मला सगळ्यात जास्त हेच लागतं, कारण शांत राहून काही मिळत नाही असं तरुणांना तिथेच वाटलं आणि कोसोवो लिबरेशन आर्मी या अल्बेनियन सशस्त्र संघटनेला बळ आलं.

१९९८-९९ला युद्ध पेटलं, आठ लाखांच्या वर अल्बेनियन लोकांना कोसोवोबाहेर पळावं लागलं, नाटोने सर्बियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले. सर्ब फौजा गेल्यावर मात्र सर्ब आणि रोमा कुटुंबांवर सूड उगवला गेला, मार्च २००४ मध्ये तर सर्बांची ऑर्थोडॉक्स चर्च जाळली, आणि स्रेब्रेनिकाबद्दल बोलणाऱ्याने हेही बोललं पाहिजे.

बोस्निया १९९२ पासून युनोत आहे. कोसोवोने २००८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, पण सर्बियाने ते मानलेलं नाही आणि भारतानेही नाही.